टोपण घट्ट होतं

सगळे चहाला गेले होते म्हणून वाचलो. आमची एम.एस्सी.ची ऑरगॅनिकची लॅब, दुपारचे साडेतीन. आत फक्त मामा होते, आमचे लॅब अटेंडंट. ते बेसिनपाशी काचसामान धूत होते. शेजारच्या टेबलाखाली ठेवलेली वेस्टची अडीच लिटरची बाटली फुटली. आवाज खाली जिन्यापर्यंत आला.

मी धावत वर पोहोचले तेव्हा दारात लालसर तपकिरी धूर होता. मामा बाहेर आले होते. कोपराला काच लागली होती, हातावर शिंतोडे उडाले होते. डोळे वाचले ते चष्म्यामुळे, आणि तोही त्यांचा नंबरचा चष्मा.

आमच्याकडे आयवॉश नव्हता. कॉरिडॉरमध्ये सेफ्टी शॉवर होता. साखळी ओढली तर आधी काहीच आलं नाही, मग गंजाचं लाल पाणी आलं. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या नळाखाली हात धरला. तिथलं बेसिन बीकर-फ्लास्कने भरलेलं. ते उपसण्यात गेलेला वेळ मला फार मोठा वाटला. कोणीतरी खाण्याच्या सोड्याचा डबा घेऊन आलं, त्याला थांबवलं. पंधरा मिनिटं नुसतं वाहतं पाणी सोडायचं, बाकी काही लावायचं नाही, एवढं मला माहीत होतं. पाचव्या मिनिटालाच मामा म्हणायला लागले, "बास झालं मॅडम." मी हात सोडला नाही.

शिंतोडे पडले होते तिथली कातडी पिवळी पडली होती. प्रथिनांची चाचणी म्हणून हाच पिवळा रंग आम्ही बी.एस्सी.ला परीक्षानळीत दाखवतो. नायट्रिक ॲसिड आहे हे त्यावरूनच कळलं, आणि डॉक्टरांना सांगता आलं. बाटलीवर फक्त 'वेस्ट' लिहिलेलं होतं. कोपराला दोन टाके पडले.

झालं होतं ते असं. त्या बाटलीत ॲसिटोन आणि मिथेनॉल साठवलेलं होतं. एका मुलाने सिंटर्ड फनेल कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिकने साफ केलं, ते ॲसिड त्याच बाटलीत ओतलं आणि टोपण घट्ट लावलं. अशा मिश्रणात कधीकधी पहिला काही वेळ काहीच दिसत नाही. मग ते तापतं, वायू सुटतो आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते.

त्या मुलाने ओतण्याआधी मला विचारलं होतं. मी जर्नल तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "वेस्टमध्ये ओत." हे विभागाच्या बैठकीत सांगायला मला दोन दिवस लागले. तोपर्यंत सगळे त्या मुलालाच बोलत होते.

जोखमीची फाइल आमच्याकडे होती. नॅकच्या मूल्यांकनाच्या वेळी केलेली. प्रत्येक प्रयोगाला एक पान, अपघाताची शक्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार. नायट्रेशनच्या पानावर बर्फाच्या भांड्यापर्यंत सगळं लिहिलेलं. पण प्रयोग संपल्यावर भांडी धुतात, उरलेलं कुठेतरी ओततात, याची एक ओळही नव्हती. आणि उपाय म्हणून प्रत्येक पानावर तेच: हातमोजे, गॉगल.

मामा कामावर परतल्यावर मी ती फाइल घेऊन त्यांच्याबरोबर लॅबभर फिरले. हे आधीच करायला हवं होतं. ईथरची बाटली साध्या घरगुती फ्रिजमध्ये आहे, हे त्यांनी दाखवलं. त्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरली असती. बाटली कधी उघडली ते कोणालाच आठवत नव्हतं. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, म्हणून टोपणाला हात न लावता ती नेणाऱ्यांना बोलावलं. तीनपैकी एक फ्यूम हूड ओढत नाही, हेही मामांना माहीत होतं. "अगरबत्ती लावून बघतो ना," म्हणाले. सॉल्व्हंटच्या हूडमध्ये अगरबत्ती! आता तिथे टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली आहे. पट्टी आत झुकली नाही तर काम करायचं नाही.

फाइलच्या पानावर पहिला प्रश्न आता हा असतो: ही वस्तू लागतेच का? फनेलसाठी बहुतेक वेळा नायट्रिक लागतच नाही, वापरल्या वापरल्या योग्य सॉल्व्हंटने धुतलं तर. ॲसिडची बाटली वेगळी, सॉल्व्हंटची वेगळी, आणि ओतणाऱ्याने लेबलवर काय ओतलं ते तारखेसह लिहायचं. वायू सुटू देणारी टोपणं मागवली, ती यायला पाच महिने लागले. हातमोजे उपायांच्या यादीत शेवटी गेले.

एप्रनवर मात्र तडजोड नाही. एप्रिलच्या उकाड्यात मुलं कुरकुरतात. मग मी शेरी संगजीचं सांगते. 29 डिसेंबर 2008 ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या लॅबमध्ये टर्ट-ब्यूटिल लिथियमने पेट घेतला. तिच्या अंगात सिंथेटिक स्वेटर होता, एप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. वय 23. आमच्या एम.एस्सी.च्या मुलांएवढंच.

आयवॉश बसला. शॉवरही दुरुस्त झाला, पण त्याखाली पाणी जायला मोरी अजून नाही. दर सोमवारी सकाळी मामा खाली बादली धरून साखळी ओढतात आणि भिंतीवरच्या कागदावर तारीख टाकतात.