खाचांची रांग : हंपीचा ग्रॅनाइट काय सांगतो?

विजयनगरच्या इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट आणि परकीय प्रवाशांची वर्णने आठवतात. हंपीत आणखी एक साधन उघड्यावर पडलेले आहे. वाटेकडेच्या प्रचंड धोंड्यांवर लहान चौकोनी खाचांची सरळ रांग दिसते. हा थ्रेड त्या खाचांविषयी.

आधी दगडाची जन्मकथा. हंपीचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. भूपृष्ठाखाली काही किलोमीटर खोलीवर शिलारस साचला आणि अतिशय सावकाश निवाला. त्यामुळे गारगोटी, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके वाढले व एकमेकांत घट्ट गुंतले. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट याच्या उलट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहिलेला लाव्हा भराभर थंडावला, म्हणून त्याचा कण बारीक. वयाने तर तो ग्रॅनाइटपुढे कालचे पोर.

वरचे थर झिजले, भार हलका झाला आणि खडकाला उभे-आडवे तडे गेले. तड्यांत पाणी मुरले, कोपरे आधी झिजले आणि ठोकळ्यांचे गोलाकार धोंडे झाले. ते कोठून घरंगळत आलेले नाहीत, बहुतेक जागच्या जागीच घडले. लोकश्रद्धा मात्र या प्रदेशाला किष्किंधा मानते आणि हे ढीग वाली-सुग्रीवाच्या झुंजीत फेकलेल्या शिळांचे समजते. त्या टेकड्या पाहून अशी कथा जन्मली नसती तरच नवल.

विजयनगरच्या पाथरवटांना दगडासाठी दूर जावे लागले नाही. खाण आणि बांधकाम शेजारी-शेजारी होते. धोंड्यावर एका रेषेत खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी बसवायच्या आणि सर्व पाचरींचा ताण सारखा वाढवीत न्यायचा. खडक त्या रेषेतच फाटतो. निघालेली सपाट बाजू तटाच्या दर्शनी अंगाला बसवली जाई. कितीतरी ठिकाणी हे चिरे चुन्याविना, केवळ वजनावर एकमेकांना धरून आहेत. काही धोंड्यांवर खाचांची रांग पुरी झालेली आहे, धोंडा मात्र अखंड आहे.

या दगडाने वास्तुरचनाही ठरवली. ग्रॅनाइट दाब उत्तम सोसतो, ताण सोसत नाही. तुळई फार लांब केली तर मधोमध तडकते. मंडपांतली खांबांची दाटी म्हणूनच आहे, ती केवळ शोभेची नव्हे. गोपुरांचे खालचे अंग दगडी आणि वरचे मजले विटा-चुन्याचे, कारण भार आवरायचा होता. भरड स्फटिकांच्या या दगडात अतिसूक्ष्म नक्षी सहज उतरत नाही. हजारराम मंदिराच्या मंडपातील चार झिलईदार काळे खांब पाहावेत. त्यांचा दगडच निराळा.

विठ्ठल मंदिरासमोरचा रथ एकाच शिळेचा असल्याचे पर्यटकांना हौसेने सांगितले जाते. वास्तविक तो अनेक चिऱ्यांचा आहे. सांधे नक्षीत लपवले आहेत, आणि खरे कौशल्य तेच. अखंड शिळेचे शिल्प पाहायचे तर कृष्णदेवरायाच्या काळातील, इ. स. १५२८ चा, सुमारे ६.७ मीटर उंचीचा नरसिंह आहे.

इ. स. १५६५ च्या पराभवानंतर नगर लुटले गेले. राजवाड्यांचे लाकडी भाग नाहीसे झाले, दगडी जोती राहिली. मंडपांचे छत गेले तरी कित्येक खांब उभेच राहिले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एक चित्रफीत सर्वत्र पसरली. गजशाळेमागील विष्णुमंदिराच्या आवारातला असाच एक सुटा खांब काही तरुण हातांनी ढकलून पाडताना दिसत होते. वर छताचा भार नाही, सांध्यात चुना नाही. खांब स्वतःच्या वजनावर तोललेला होता, म्हणून तो पडला. न्यायालयाने त्यांना दंड केला आणि खांब पुन्हा उभा करायला लावला. पाडायला काही क्षण पुरले होते. उभारताना तोच दगड पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली हलवावा लागला.