दोन नग फुटबॉल

पारोळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली, तेव्हा मला कळलं की आमचा नऊ नंबर फोडलाय. सांगितलं आमच्या गोलकीपरनं, तेही हातातला गरम वडा फुंकत, सहज. "सर, तुम्हाला माहीत नाही? तो जळगावला चाललाय. खोली देताहेत, वर महिन्याला तीन हजार." नऊ नंबर स्वतः मागच्या सीटवर तोंडावर टॉवेल टाकून पडला होता. झोपेचं सोंग होतं ते. खरंच झोपला असता तर घोरण्यानं अर्धी गाडी जागी झाली असती.

२००९ सालच्या एप्रिलची ही अखेर. जळगावला शिवतीर्थ मैदानावरची स्पर्धा खेळून आम्ही धुळ्याला परतत होतो. सेमीफायनल हरलो होतो, पण त्यानं दोन गोल मारले होते, आणि त्यातला एक डाव्या पायानं. त्या गोलनंतर साइडलाइनपलीकडचा एक पांढऱ्या सफारीतला माणूस उठून उभा राहिला होता, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायला मला पारोळ्यापर्यंत यावं लागलं.

धुळे-जळगाव अंतर नव्वदेक किलोमीटर. ट्रान्सफर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे माद्रिद आणि मँचेस्टर येतं. आमची ट्रान्सफर एसटीच्या एका तिकिटात बसत होती. पण खरं सांगतो, त्या रात्री घरी येऊन मी जेवलो नाही.

मी धुळ्यात शाळेवर पीटी शिकवायचो आणि संध्याकाळी आमचा क्लब चालवायचो. क्लब म्हणजे काय, तर एक पत्र्याची ट्रंक, बावीस जर्सी, शिट्टी, एक रबरी शिक्का आणि एक दोनशे पानी साठा रजिस्टर. मैदान काळ्या मातीचं. एप्रिल-मेमध्ये भेगा अशा पडतात की पोराचा घोटा आत जाऊन मुरगळावा. जुलैत त्याच मातीचा चिखल प्रत्येक बुटाला किलोभर चिकटतो. खानदेशात फुटबॉल म्हटलं की लोक रेल्वेमुळे भुसावळचं नाव घेतात. धुळ्यात खेळतो म्हटलं की विचारतात, "कबड्डी ना?"

हा पोरगा माझ्याकडे आला तेव्हा बारा वर्षांचा होता. अनवाणी. उजवा पाय म्हणजे देवाची देणगी. डावा नुसता उभं राहण्यासाठी. मी एक युक्ती केली. त्याला फक्त डाव्या पायाचा बूट दिला. उजवा पाय उघडा. मग बॉल उजव्यानं मारायला गेला की अंगठा ठणकायचा, आपोआप डावा पुढे यायचा. सहा महिने तो पोर एका पायात बूट घालून खेळला. मैदानाकडेनं जाणारे लोक थांबून हसायचे. एका आजीबाईंनी तर मला गाठून विचारलं, की गरीब पोराला दुसरा बूटसुद्धा घेऊन देत नाही का रे. त्या बुटाचा तळ तीनदा निघाला. पुलाजवळच्या चांभारदादानं तिसऱ्या वेळी पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "सर, याला आता जोड घ्या."

म्हणजे जळगावच्या त्या सफारीवाल्यानं जो गोल पाहून पोरगा हेरला, तो मीच सहा महिने खपून घडवला होता. हे त्या मे महिन्यात मी दिवसातून दहादा स्वतःला सांगत होतो. प्रत्येक वेळी राग थोडा वाढायचा.

आमच्याकडे तेव्हा चाल अशी की जुन्या क्लबनं लेटरहेडवर ‘ना हरकत’ लिहून, शिक्का मारून दिल्याशिवाय नवा क्लब खेळाडूला उतरवत नसे. नाही दिलं तर पोरगा हंगामभर घरी. युरोपात १९९५ साली बोस्मान नावाच्या एका बेल्जियन खेळाडूनं कोर्टात जाऊन करार संपलेल्या खेळाडूला मोकळं करून घेतलं, हे मला ठाऊक होतं; पोरांना मीच सांगितलं होतं, मोठ्या कौतुकानं. पण बोस्मान धुळ्याला आलेला नव्हता, आणि मी त्याला आणायला तयार नव्हतो.

त्याच महिन्यात कोलकात्यात बायचुंग भुतियाचं गाजत होतं. तो मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला निघाला होता आणि बागानवाले सोडत नव्हते. पेपरात रोज त्याची बातमी. पोरं प्रॅक्टिसच्या आधी ती मोठ्यानं वाचायची आणि मी आलो की पेपर घडी करून ठेवायची. मला सगळं ऐकू यायचं.

२७ मेच्या रात्री चॅम्पियन्स लीगची फायनल होती, रोममध्ये, मँचेस्टर युनायटेड आणि बार्सिलोना. आपल्याकडे सव्वाबाराला सुरू. गोलकीपरच्या घरी आम्ही दहा-बारा जण एका टीव्हीपुढे. एतो आणि मेस्सीनं एकेक मारला, रोनाल्डो हरला. दोन वाजून गेल्यावर मी आणि नऊ नंबर लहान पुलावरून चालत निघालो. देवपूरकडे त्याचं घर. खाली पांझरेत पाणी नाही, नुसते दगड आणि डास. मी म्हटलं, "गेल्या वर्षीच रोनाल्डोला माद्रिदला जायचं होतं. थांबला की नाही एक वर्ष? तूही एक वर्ष थांब. पुढच्या वर्षी मी स्वतः सोडायला येतो."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला पगार होता, सर."

पुढे २०१३ साली, मँचेस्टरचा तेव्हाचा कोच फर्ग्युसन, त्याचं आत्मचरित्र आलं. २००८च्या उन्हाळ्यात तो पोर्तुगालला जाऊन रोनाल्डोला भेटला होता, तिथेच त्यांचं एक वर्षाचं ठरलं, असं त्यात आहे. वाचताना मला पांझरेचा पूल आठवला. फर्ग्युसन ज्या खिशात हात घालून बोलला असेल त्या खिशात आणि माझ्या खिशात काही फरक होता, एवढं समजायला मला बरीच वर्षं लागली. पोराला ते त्या रात्रीच समजलं होतं.

जूनमध्ये बातमी आली: ८ कोटी पौंडांना रोनाल्डो रियाल माद्रिदकडे. आपले सहाशे कोटींहून जास्त. मँचेस्टरला निदान रडायला पैसे तरी मिळाले.

मी सही केली नाही. त्यानं मागितलीही नाही, तोंडानं. रोज साडेपाचला प्रॅक्टिसला यायचा, वेळेवर, आणि काहीच करायचा नाही. पास द्यायचा तो असा की घेणाऱ्याला दोन पावलं जास्त पळावं लागावं. हेड मारायला उडी घ्यायचा, पण बॉल गेल्यावर. हे पाहणाऱ्याला कळत नाही. शिकवणाऱ्याला कळतं आणि त्याचं डोकं फिरतं. मी त्याला फॉरवर्डवरून काढून बॅकला टाकलं. त्यानं हूं की चूं केलं नाही. एकदा मात्र गोलपोस्ट समोर रिकामी असताना त्यानं बॉल सरळ भिंतीपलीकडे, गटारात उडवला आणि माझ्याकडे पाहिलं. बॉल काढायला कोणी गेलं नाही. शेवटी मीच गेलो.

जुलैत पुन्हा जळगाव, पुन्हा शिवतीर्थ. पाऊस उघडलेला, मैदानात डबकी. मी त्याला बाकावर बसवला. टीमला सांगितलं, त्याचा गुडघा दुखतोय. गुडघा ठणठणीत होता, हे अकराच्या अकरा जणांना माहीत होतं. पलीकडे सफारीवाला छत्री धरून उभा होता आणि खरं तर मी मॅच त्याच्याशीच खेळत होतो. हाफटाइमला ०-१. गोलकीपर येऊन कानाशी म्हणाला, "सर, उतरवा त्याला. तुमचं-त्याचं नंतर बघा." मी उतरवलं नाही. ०-३ नं हरलो. परतीच्या गाडीत पारोळ्याला कोणीही खाली उतरलं नाही. वडेवाल्यानं खिडकीशी येऊन दोनदा हाक मारली.

माझ्या तीस वर्षांच्या कोचिंगमध्ये हरलेल्या मॅच शंभरावर असतील. मीच हरवलेली ती एक.

चार-पाच दिवसांनी सकाळी दारात त्याचे वडील. मार्केट यार्डात हमाली करायचे. खांद्यावरचा गमछा हातात घेऊन उंबऱ्याबाहेरच उभे. मी आत या म्हटलं तर चप्पल काढून आले, पण खुर्चीवर बसेनात. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी पोराची प्रमाणपत्रांची फाइल काढली. प्रत्येक कागद वेगळ्या कव्हरमध्ये. मला म्हणाले, "सर, माले वाचता येत नई. यामा नोकरीनं सर्टिफिकेट कोनतं शे, तेवढं दाखाडा."

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पण त्यासाठी नुसतं खेळून भागत नाही. मान्य असलेल्या स्पर्धेत, राज्य पातळीवर, नंबरात यावं लागतं. मी फाइल चाळली. अठरा कागद होते. धुळ्यातल्या आमच्या स्पर्धांचे, शाळेचे, एका गणेश मंडळाच्या सेव्हन-ए-साइडचं सोनेरी काठाचं. त्या कामाचा एकही नव्हता. निम्म्यांवर माझीच सही.

"यामा नई," मी म्हटलं. मलाही नकळत अहिराणीच आली तोंडात.

"मंग तठे जाईसन भेटी का?"

जळगावची टीम तगडी होती. तिथून राज्याच्या स्पर्धेत जाण्याचा, वरचा नंबर लागण्याचा संभव आमच्यापेक्षा निश्चित जास्त होता. मी "भेटू शकतं" म्हणालो. त्यांनी मान हलवली, फाइल परत पिशवीत घातली, कव्हरांचे कोपरे दुमडणार नाहीत अशा बेतानं. सहीचा शब्दही काढला नाही. चहा घेऊन गेले. ते भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी मी ट्रंक उघडली. शिक्क्याचं पॅड वाळून खडखडीत झालं होतं. पाण्याचे थेंब टाकले तर शाई फिकट निळी उतरली. लेटरहेडचे तीन कागद लागले. पहिल्यावर मी ‘आमच्या क्लबनं घडवलेला खेळाडू’ असं लिहिलं, तो फाडला. दुसऱ्यावर सही आडवी झाली. तिसरा बरा होता.

कागद पोस्टानं पाठवता आला असता, पण खोली पाहायची होती. म्हणून ऑगस्टमधल्या एका रविवारी जळगावला गेलो. खोली चांगली होती: दोन खाटा, पंखा, खिडकीतून निंबाचं झाड. दुसऱ्या खाटेवर भुसावळचा एक हाफ राहणार होता. सफारीवाले त्या दिवशी साध्या शर्टात होते आणि माणूस बोलायला वाईट नव्हता, याचाही मला थोडा रागच आला. त्यांनी स्टेशनजवळ शेवभाजी खाऊ घातली. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं असं, सर." मी सांगत बसलो नाही की भाजीमुळे आहे.

निघताना त्यांनी स्कूटरच्या डिकीतून जाळीच्या पिशवीत घातलेले दोन नवे कोरे फुटबॉल काढले. "क्लबला आमच्याकडून." नाही म्हणायला हवं होतं, हे मला आजही वाटतं. पण आमच्या ट्रंकेतल्या तीन बॉलपैकी एकाचा ब्लॅडर बाहेर आलेला होता आणि दुसरा गटारातून काढल्यापासून तिरपा पळायचा. मी घेतले. गाडीत मांडीवर धरून बसलो. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, कोणती टीम?" मी म्हटलं, "धुळे."

घरी येऊन रजिस्टरमध्ये नोंद केली: फुटबॉल, दोन नग, नवीन. त्यापुढे ‘कोणाकडून’ असा रकाना आहे. तिथे नुसतं ‘भेट’ लिहिलं. एक बॉल दुसऱ्याच आठवड्यात मैदानाकडच्या बाभळीच्या काट्यावर फुटला. दुसरा पुरला दोन पावसाळे.

पोरगा जळगावला तीन हंगाम खेळला. तीन हजार काही महिने वेळेवर मिळाले, मग मागून घ्यावे लागले, मग बंद झाले. राज्याच्या स्पर्धेत ते चौथे आले. सर्टिफिकेटच्या हिशेबात चौथा म्हणजे कोणीच नाही. नंतर तो पोलीस भरतीत लागला, साध्या कोट्यातून. कागद कामाला आले नाहीत, पाय आले: धावण्यात त्यानं पैकीच्या पैकी गुण घेतले. माझ्याशी तो पहिली दोन वर्षं धड बोलला नाही. मीही नाही. शिवतीर्थवर आमची गाठ पडली तर एकमेकांच्या गोलकीपरची चौकशी करायचो.

मग एका दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आला. पोट सुटलेलं, मिशी राखलेली. मी आत चहा सांगायला गेलो तोवर त्यानं ट्रंक उघडून रजिस्टर काढलं होतं. पानं उलटत होता, जर्सी, शिट्ट्या, पंप, नेट, सगळं वाचत. एका पानाशी थांबला. तारीख पाहिली, बोटानं ओळ धरली. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि मला उत्तर द्यावं लागणार.

त्यानं मान वर केली.

"दोनच, सर?"

"दोनच दिले."

"काय हे!" रजिस्टर मिटत तो म्हणाला, आणि खरोखर दुखावला गेल्यासारखा दिसला. "तुम्ही पाच तरी मागायचे होते."