ओटा नक्की कुणाचा?

पंचविशीत आपण मोबाइलची मॉडेल्स कम्पेअर करतो आणि तिशी जवळ आली की... टाइल्स! विश्वास नाही बसत? मग उद्या ऑफिसात लंच टाइमला जरा कान देऊन बघा. कुणाच्या टू बीएचकेचं पझेशन आलंय, कुणी गावाकडच्या घराचं रिनोव्हेशन काढलंय. आणि या गप्पांमधला सध्याचा हॉट टॉपिक म्हणजे किचनसाठीचा पोर्सेलीन स्लॅब. दिसायला थेट संगमरवर, आणि जाडी? जेमतेम सहा मिलिमीटर. मारी बिस्किटाएवढी!

माझ्या केसमध्ये किचन होतं यवतमाळच्या घरचं आणि बजेट माझं. फ्रीलान्सरचं बजेट म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चेक येईल तेव्हा येईल! पण यंदा थोडे पैसे साठले होते आणि आईचं किचन करायचं हे नक्की होतं. तिचा ओटा काळ्या कडप्प्याचा, वयाने माझ्याहून मोठा. मागच्या भिंतीवर छोट्या छोट्या टाइल्स आणि त्यांच्या प्रत्येक फटीत हळद अन् फोडणीचा थर. तो घासून घासून तिची बोटं दुखतात. आई मेडिकल कॉलेजच्या मुलांचे डबे करते, रोजचे चौदा. तुमचं-आमचं जसं वर्कस्टेशन, तसा तिचा ओटा. फरक एवढाच, की आपल्याला खुर्चीची हाइट अॅडजस्ट करून मिळते!

माझ्या डोक्यात पांढराशुभ्र लूक फिट बसला होता. बरं, नुसता लूक नाही, अभ्यासही केला होता. पोर्सेलीन म्हणजे माती, फेल्डस्पार वगैरेचं मिश्रण प्रचंड दाबाखाली चेपून सुमारे बाराशे डिग्रीला भाजलेलं. ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतं, त्यामुळे हळद, तेल, चहा आत मुरत नाही. आपल्याकडे हा माल मुख्यतः गुजरातमधल्या मोरबीहून येतो. याउलट कडप्पा हा चुनखडीचा दगड. आपल्या वणीकडे चुनखडी निघते, तिचाच हा लांबचा भाऊबंद म्हणा ना! लिंबू किंवा चिंच सांडली, की अॅसिड त्याला खातं आणि फिकट डाग कायमचा.

मैत्रिणींनी क्वार्ट्झ सुचवला. पण त्यात दगडाचा चुरा रेझिनने चिकटवलेला असतो. थेट शेगडीवरची कढई टेकवली, की रेझिन करपण्याची भीती. शिवाय तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसमुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. पोर्सेलीन त्या बंदीतून वगळलंय. अर्थात तेही कापताना सिलिकाची धूळ उडतेच. म्हणून फिटरला दोन गोष्टी आधीच सांगायच्या: कटरवर पाणी सोड आणि नीट मास्क लाव. नुसता रुमाल बांधून भागत नाही.

एवढं सगळं ज्ञान मी आईला ऐकवलं. फोटो दाखवले. तिने शांतपणे विचारलं, ‘‘हे सारं ठीक आहे बाई, पन याच्यावर ठेचा कुटता येईन का?’’

लाखातला प्रश्न! ब्रोशरमध्ये ओट्यावर असतं काय? एक फुलदाणी आणि तीन हिरवी सफरचंदं. आईच्या ओट्यावर खलबत्ता असतो, नारळ फुटतो, दहा लिटरचं पातेलं दाणकन टेकतं. मग मी नागपूरच्या दुकानदारांना आणि फिटरांना तोच प्रश्न विचारत सुटले. उत्तरांचं सार असं: पोर्सेलीन उष्णतेला आणि ओरखड्याला दाद देत नाही, पण कडेवर जोरात घाव बसला तर टवका उडतो. वरची संगमरवरी नक्षी बऱ्याच स्लॅबमध्ये फक्त पृष्ठभागावर असते, त्यामुळे टवका लगेच नजरेत भरतो. ओट्यासाठी साधारण बारा मिलिमीटर जाडी घेतात आणि खाली सलग, सपाट आधार लागतो. कुठे पोकळी राहिली, तर नेमकी तिथेच तडकण्याची भीती. सिंकच्या कापाचे आतले कोपरे गोलसर हवेत, टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते.

मात्र भिंतीला हाच स्लॅब एक नंबर! सहा मिलिमीटरचं वजन चौरस मीटरला चौदा-पंधरा किलो. पाऊण इंची ग्रॅनाइट भरतो पन्नासच्या आसपास. जुन्या टाइल्स घट्ट आणि भिंत सरळ असेल, तर त्यांच्यावरच चिकटवता येतो. तोडफोड नाही, धूळ नाही. फक्त वाळू-सिमेंट चालत नाही. पोर्सेलीन पाणीच शोषत नाही, तर सिमेंट त्याला धरणार कसं? त्यासाठी वेगळं टाइल अॅडहेसिव्ह लागतं. आणि हो, अख्खा स्लॅब साडेदहा फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद असतो. आधी आपला जिना मोजा!

शेवटी फैसला झाला. भिंतीला पोर्सेलीन, ओट्याला काळा ग्रॅनाइट. ग्रॅनाइट का? कारण तो घाव सोसतो, आणि उद्या काही झालंच तर यवतमाळातला मिस्त्री तासाभरात घरी येतो. पोर्सेलीनच्या फिटरला सुमारे दीडशे किलोमीटरवरून, नागपूरहून बोलवावं लागलं. चौदा डबे थांबवून त्याची वाट कोण बघणार? काम काढलं तेही मुलं दिवाळीला घरी गेल्यावर, म्हणजे आईचा एकही डबा बुडाला नाही.

अजून एक गोष्ट झाली. मिस्त्रीभाऊंनी ओट्याची उंची बाबांना विचारली. बाबांनी आईकडे बोट दाखवलं. तिला उभं करून कोपर मोजलं आणि ओटा त्याच्या पाच इंच खाली धरला, जुन्यापेक्षा चांगला तीन इंच उंच. इतकी वर्षं ती वाकून पोळ्या लाटत होती, कारण पहिल्या वेळी माप घ्यायला तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

तेव्हा मंडळी, आईसाठी, सासूबाईंसाठी किंवा स्वतःसाठी किचन करणार असाल, तर शोरूममध्ये जाण्याआधी एक दिवस नुसतं ओट्याजवळ उभं राहा. कोण काम करतं, काय कुटतं, गरम भांडं कुठे टेकवतं, बघा. ईएमआय कुणीही भरो, पाठ ज्याची दुखते त्याचं मत फायनल!

आईची आता एकच तक्रार आहे. भिंत घासायलाच लागत नाही, मग दुपारी करायचं काय? सध्या ती मोबाइलवर सीरियल बघते. नव्या ओट्याला टेकून, ताठ उभी राहून.