मिरीचे बंदर, हळदीची पेढी

इ. स. १३४१ मध्ये केरळातील पेरियार नदीला महापूर आला. रोमन काळापासून प्रसिद्ध असलेले मुझिरिस हे बंदर त्या पुराच्या गाळाने निकामी झाले आणि त्याच्या दक्षिणेस, वेंबनाड सरोवराचे पाणी समुद्राला मिळते तेथे, जहाजांसाठी नवी वाट मोकळी झाली, असे मानले जाते. मुझिरिसचा व्यापार त्या नव्या मुखाशी सरकला आणि कोची बंदर उदयास आले. अरब, चिनी, पोर्तुगीज, डच व इंग्रज असे सर्वजण येथे मुख्यतः एकाच वस्तूसाठी आले. ती म्हणजे मलबारची काळी मिरी.

या शहराची एका दिवसाची सहल करण्यासाठी गेल्या जानेवारीत सांगलीहून एक ज्येष्ठ दांपत्य आले होते. अण्णांनी चाळीस वर्षे सांगलीच्या बाजारात हळदीची अडत केली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी पेढी बंद केली. मुलगा पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. पेढीच्या जागेला चांगले गिऱ्हाईक आले होते आणि पुढच्या सोमवारी इसाराची पावती व्हायची होती. जुन्या दिवाणजींच्या मुलाला ती जागा हळद दळण्याच्या व्यवसायासाठी भाड्याने हवी होती, परंतु भाड्याची रक्कम आणि विक्रीची किंमत यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. “आईला घेऊन चार दिवस फिरून या, मग सही करू,” असे मुलानेच सुचवले आणि कोचीत दिवसभरासाठी मोटार व मार्गदर्शक यांची सोयही केली.

मोठ्या गटाबरोबर फिरण्यापेक्षा खासगी मार्गदर्शक घेणे खर्चिक असते, हे खरे. परंतु वय झालेल्या आणि आहाराचे नियम पाळणाऱ्या प्रवाशांना तो खर्च परवडतो, कारण दिवसाची आखणी आपल्या हाती राहते. मुलाने तीन गोष्टी आधीच कळवल्या होत्या : दुपारी मट्टनचेरीच्या जैन मंदिरात पोहोचणे, जेवण कंदमूळविरहित असणे आणि सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी होणे. वारही विचारपूर्वक निवडला होता. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, तर ज्यू प्रार्थनागृह शुक्रवारी दुपारनंतर व शनिवारी बंद असते. म्हणून मंगळवार ठरला.

सकाळी आठ वाजता एर्नाकुलमच्या धक्क्यावर मार्गदर्शक बाई भेटल्या. त्या चेरलाई भागातील कोकणीभाषक गौड सारस्वत कुटुंबातल्या. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून सोळाव्या शतकात गोव्यातून जी कुटुंबे कोचीला आली, त्यांचे हे वंशज. सुरुवातीचे संभाषण हिंदीत झाले. मग पाण्याची बाटली पुढे करताना बाईंच्या तोंडून सहज ‘उदक’ हा शब्द गेला आणि माईंचा चेहरा उजळला. “अहो, हा तर आपल्या पूजेतला शब्द!” त्यानंतर दिवसभर मराठी आणि कोकणी एकमेकींना सांभाळून घेत राहिल्या. बाई त्यांना काका-काकू म्हणत आणि माई बाईंना ताई.

फेरीबोट विलिंग्डन बेटाजवळून जाते. हे बेट मानवनिर्मित आहे. कोचीच्या मुखाशी वाळूचा बांध होता. त्यामुळे मोठी जहाजे बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माल होड्यांनी आणावा लागे. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता येथे आला. त्याने तो बांध कापून खोल वाट काढली आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभे केले. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ हे जहाज नव्या वाटेने आत आले. पुढे २०११ मध्ये वल्लारपाडम येथे कंटेनरसाठी वेगळे टर्मिनल सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे गेली. “म्हणजे पुराने बंदर दिले आणि माणसाने ते पुरे केले,” अण्णा म्हणाले.

पूर हा शब्द अण्णांच्या दृष्टीने साधा नव्हता. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची पूर्वापार पद्धत होती. तेथील मातीत ओल शिरत नसे आणि हळकुंड वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि असंख्य पेवे निकामी झाली. अण्णांच्या पेढीचा मालही त्यात होता.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर चिनी जाळ्यांची रांग आहे. उंच लाकडी सांगाड्याला बांधलेले जाळे पाण्यात उतरते आणि काही वेळाने चार-पाच माणसे दोर ओढून ते वर घेतात. जाळे वर येऊ लागताच माईंनी तोंड फिरवले आणि त्या झाडांच्या सावलीत जाऊन बसल्या. बाईंनी त्यांना आग्रह केला नाही. अण्णांचे लक्ष मात्र दोरांना टांगलेल्या दगडांकडे होते. जाळ्याचे वजन पेलण्यासाठी वेगवेगळ्या उंचीवर मोठे दगड बांधलेले असतात आणि सांगाडा जसजसा कलतो तसतसे ते एकेक करून जमिनीवर टेकतात. “हा तर तराजू,” ते म्हणाले. पूर्वी अशी जाळी पुष्कळ होती. आता सागवानी वासे महागले, मासळी घटली आणि जाळी कमी होत चालली आहेत, असे बाईंनी सांगितले.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये ते प्रथम लाकडात बांधले. भारतातील युरोपीयांचे हे सर्वांत जुने चर्च समजले जाते. १६६३ मध्ये कोची डचांकडे गेली आणि १७९५ मध्ये इंग्रजांकडे. मालक बदलले तसा चर्चचा पंथही बदलला. आत छताला कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांचे दोर बाहेर बसलेला माणूस ओढत असे. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या वास्को द गामाचा मृत्यू २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत झाला आणि त्याला येथेच पुरण्यात आले. चौदा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. आज कठड्यामागे आहे ती केवळ जागा. तरीही प्रवासी तेथे रांग लावतात, याचे माईंना नवल वाटले.

तेथून मोटार मट्टनचेरीच्या बझार रोडवर आली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जुन्या वखारी आणि त्यांची मागील दारे थेट पाण्याकडे उघडणारी. होडीतला माल मागून यायचा आणि गाडीतला पुढून जायचा. एका वखारीच्या अंगणात आले वाळत घातले होते. काही मालाला चुना लावून तो पांढरा केला जातो. ओले आले घरात वर्ज्य असलेल्या माईंनी येथे मात्र सुंठ हातात घेऊन वास पाहिला. वाळले की तेच चालते, हळदीचेही तसेच. अण्णांनी मिरीचे चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि ओल किती असेल याचा अंदाज सांगितला. वखारीतील मुकादमाने हसून मान डोलावली. भाषा कळण्याची गरज पडली नाही.

बाराच्या सुमारास मंडळी गुजराती रोडवरील श्री धर्मनाथ जैन मंदिरात पोहोचली. पंधराव्या तीर्थंकरांचे हे मंदिर, मिरी-मसाल्याच्या व्यापारासाठी कच्छ-गुजरातहून येऊन स्थिरावलेल्या समाजाने विसाव्या शतकाच्या आरंभी उभारले. दर्शन झाले आणि घंटा वाजली. छपरांवर, तारांवर बसलेली शेकडो कबुतरे एकदम खाली उतरली. हा रोजचा नेम आहे. एका वृद्ध गृहस्थांनी माईंच्या ओंजळीत धान्य दिले आणि हात पसरून स्थिर उभे राहण्यास सांगितले. क्षणात दोन कबुतरे मनगटावर येऊन बसली. सकाळी किनाऱ्यावर मिटलेला त्यांचा चेहरा तेथे मोकळा झाला. त्या गृहस्थांची मुले मुंबईत आणि दुबईत आहेत. “गल्लीतली घरे कमी झाली. पण दाणा कोणी ना कोणी टाकतोच,” ते म्हणाले.

जेवण त्याच रस्त्यावरील एका शाकाहारी भोजनालयात झाले. फुलके, कच्च्या केळ्याची भाजी, तुरीची डाळ, भात आणि ताक.

दुपारी मट्टनचेरीचा राजवाडा पाहून झाला. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीजांनी तो बांधून कोचीच्या राजाला नजर केला; पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव पडले डच पॅलेस. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वाड्यात रामायणाची भित्तिचित्रे आहेत. तांबडा, पिवळा आणि हिरवा रंग, डोळे मोठे आणि भिंतीवर मोकळी जागा जवळजवळ नाहीच. घाई नसल्यामुळे बाईंनी एकेक प्रसंग बोटाने दाखवत समजावला.

वाड्यामागील गल्ली म्हणजे ज्यू टाउन. इ. स. १००० च्या सुमारास चेर राजा भास्कर रविवर्मा याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला ताम्रपटाने अनेक हक्क दिले. येथील परदेशी सिनेगॉग १५६८ चे. जागा कोचीच्या राजाने दिलेली. आत चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत आणि बाहेर अठराव्या शतकातला घड्याळाचा मनोरा, ज्याच्या वेगवेगळ्या बाजूंवर हिब्रू, रोमन आणि मल्याळम अंक आहेत. १९६८ मध्ये या वास्तूला चारशे वर्षे झाली तेव्हा तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या. तोवर बहुतेक कुटुंबे इस्रायलला निघून गेली होती. सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. कोचीच्या या समाजात आता तेवढे पुरुष उरलेले नाहीत.

गल्लीत भरतकामाचे एक लहानसे दुकान आहे. ते चालवणाऱ्या ज्यू वृद्धेचे २०१९ मध्ये निधन झाले. तिने मुलासारखे मानलेल्या एका मुस्लिम गृहस्थाने अखेरपर्यंत तिची काळजी घेतली आणि तिच्या पश्चात तिच्या आठवणी आणि दुकान दोन्ही जपले. बाई हे सांगत असताना अण्णा दाराबाहेर उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, “नात्यातले कोणी नव्हते?” बाई म्हणाल्या, “काका, दूर होते. हा जवळ होता.”

जवळच मिरीच्या वायदेबाजाराची इमारत आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या मसाला व्यापार संघाच्या सभागृहात दलाल भाव पुकारत आणि त्या पुकाऱ्यावर जगातील मिरीवाल्यांचे लक्ष असे. संगणक आले, राष्ट्रीय वायदेबाजार आले आणि तो गलका थांबला. हळदीचे वायदे सांगलीतही चालत. तो काळ अण्णांनी पाहिला होता. पूर्वी काही बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आणि शेतकऱ्याला काहीच कळत नसे, हेही त्यांनी बाईंना सांगितले. “मोठ्याने बोललेला भाव चांगला. चूक झाली तरी सर्वांसमक्ष होते,” असे त्यांचे मत पडले.

परतीची बोट पाच वाजता मिळाली. सूर्यास्तापूर्वी जेवण झाले. बाईंनी निरोप घेताना माईंनी त्यांच्या हातावर सांगलीच्या हळदीची पुडी ठेवली. बाईंनी ती कपाळाला लावून पर्समध्ये ठेवली.

नंतर अण्णांनी पुण्याला फोन लावला. मुलाने सहल कशी झाली ते विचारले. अण्णांनी दोन वाक्यांत सांगितले आणि मग म्हणाले, “सोमवारचा इसार तूर्त थांबव. दिवाणजींच्या मुलाला बोलावून घे.”

“बाबा, तो भाडे किती देईल, याचा हिशेब मी मागेच केला आहे. जमत नाही.”

“तो हिशेब बरोबरच आहे. मला दुसरा करायचा आहे. वर्षाला किती पोती दळेल आणि हळद कुणाकडून घेईल, ते त्याला लिहून आणायला सांग. उत्तर बरे आले नाही, तर जागा विकू. मी सही करीन.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, “ठीक आहे. रविवारी मीच येतो.”

अण्णांनी फोन माईंकडे दिला. माईंनी आधी कबुतरांची गोष्ट सांगितली.