अर्धवट राहिलेलें सैन्य

आरंभशूरपणा हा दोष आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्गांत या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर मुलें तो उत्तम लिहितात. आणि शिक्षक या नात्यानें मींहि त्यावर पुष्कळ उपदेश केला आहे. परंतु माझ्याच घरीं, कपाटाच्या माथ्यावर, या दोषाचा एक साक्षीदार तेवीस वर्षें धूळ खात पडला होता, ही गोष्ट मीं विद्यार्थ्यांस कधीं सांगितली नव्हती. ती आज सांगतों.

हा साक्षीदार म्हणजे एक लांकडी पेटी. २००१ सालीं मी कॉलेजांत शिकत असून मिशनच्या वसतिगृहांत राहत होतों व लहान मुलांच्या अभ्यासावर देखरेख करीत होतों. त्या वर्षीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहरचे एक तरुण शिक्षक इंग्रजी शिकविण्यासाठीं आमच्याकडे येऊन राहिले होते. सायंकाळची उपासना आटोपली, कीं ते ही पेटी उघडीत व दिव्याखालीं बसून बोटाएवढ्या बाहुल्या रंगवीत. आम्ही भोंवतीं कोंडाळें करून पाहत असूं. परत जातांना त्यांनीं ती पेटी माझ्या हातीं दिली. तींत ६४ बाहुल्या होत्या. त्यांपैकीं १९ रंगवून झाल्या होत्या. "मुलांना बरोबर घेऊन हें सैन्य पुरें करा आणि मला एक छायाचित्र पाठवा," एवढेंच ते म्हणाले. मीं 'अवश्य' म्हटलें.

हें सैन्य साधें नव्हे. त्यांत शिवाजी महाराजांचे मावळे नाहींत, कीं नेपोलियनचे शिपाई नाहींत. दाढीवाले बुटके वीर, लांब कानांचे कपटी गॉब्लिन, आणि पुढील युगांत ताऱ्यांमध्यें लढणारे अवजड चिलखतधारी योद्धे असा हा मेळा! माणसाची उंची सुमारें २८ मिलिमीटर. मेजावर डोंगर, पडके वाडे व झाडें मांडावयाचीं, फांसे टाकावयाचे, पट्टीनें अंतर मोजून सैन्य पुढें न्यावयाचें, असा हा खेळ आहे.

इंग्लंडांत या खेळाची परंपरा जुनी आहे. १८९३ सालीं विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें आंतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्यास आरंभ केला. १९१३ सालीं लेखक एच. जी. वेल्स यांनीं 'लिटल वॉर्स' या पुस्तकांत अशा सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. मंगळावरून आलेल्या स्वारीची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही १८९८ सालची कादंबरीहि त्यांचीच. पुढें टॉल्किन यांच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट'नें व त्यानंतरच्या ग्रंथांनीं बुटके, एल्फ व ऑर्क यांना घरोघर नेऊन पोंचविलें. १९८३ सालीं 'वॉरहॅमर' व १९८७ सालीं दूरच्या भविष्यकाळांतील 'वॉरहॅमर ४०,०००' हे खेळ निघाले. ते काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचें मुख्य ठाणें नॉटिंगहॅम येथेंच आहे. तेव्हां आमच्या पाहुण्यांस हा नाद लागला, यांत नवल नाहीं.

शांतीचा उपदेश करणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकानें असल्या सैन्यांत कां रमावें, असें कोणी विचारील. वेल्स यांनाहि हा प्रश्न सुचला असावा. खेळांतील लढाई तीन-चार वेळां लढून पाहिली, म्हणजे खरें युद्ध हा केवढा अंदाधुंदीचा प्रकार असेल तें कळून येतें, असा त्यांचा अभिप्राय होता. दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं युरोपांत महायुद्ध पेटलें.

असो. पाहुणे गेल्यावर मीं मोठ्या उत्साहानें पांच बाहुल्या रंगविल्या. मग त्या पाहुण्यांच्या बाहुल्यांशेजारीं ठेवून पाहिल्या. त्यांच्या वीरांच्या डोळ्यांत बुबुळें दिसत होतीं. माझे वीर सारे नशेंत असल्यासारखे दिसत होते. 'हात जरा बसूं दे, मग करूं,' असें म्हणून मीं पेटी मिटली. पुढें नोकरी लागली, लग्न झालें, बिऱ्हाडें बदललीं. पेटी प्रत्येक बिऱ्हाडीं आली, पण उघडली नाहीं. पाहुण्यांचीं नाताळचीं पत्रें कांहीं वर्षें येत राहिलीं. छायाचित्राचा विषय त्यांनीं कधीं काढला नाहीं. मात्र मला उत्तर लिहिण्याची लाज वाटूं लागली, आणि पत्रव्यवहार माझ्याच बाजूनें तुटला.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत घरास रंग देण्यासाठीं कपाट हलवावें लागलें व पेटी खालीं आली. माझ्या बारा वर्षांच्या मुलानें ती उघडली. "बाबा, हीं कोणाचीं?" या प्रश्नास मला चटकन् उत्तर देतां येईना.

पेटींतील स्थिति शोचनीय होती. रंगांच्या बाटल्यांत रंगाचे खडे झाले होते. चिकटविलेले हात व तलवारी गळून पडल्या होत्या. कांहीं जुन्या बाहुल्या शिशाच्या होत्या. बंद लांकडी पेटींत लांकडाच्या आंबट वाफांनीं शिशावर पांढरी भुकटी धरते, तशी ती धरली होती, आणि दोघांचे तर पाय भुगा होऊन गेले होते. शिसें विषारी, म्हणून त्या बाहुल्या मीं माझ्याकडे ठेवल्या, मुलास प्लॅस्टिकच्या दिल्या, आणि काम झाल्यावर साबणानें हात धुण्याचा नियम केला.

पांच-पांच बाहुल्यांची एक तुकडी करून आम्ही कामास लागलों. प्रथम जुन्या दांतांच्या ब्रशानें साबणाच्या पाण्यांत धुणें. मग तुटलेले अवयव जोडणें. मग करड्या रंगाचा अस्तराचा हात. त्यावर पाण्यानें पातळ केलेल्या रंगाचे दोन हात द्यावयाचे, कारण जाड रंगानें कोरीव काम बुजतें. तें वाळल्यावर अगदीं पातळ असा तपकिरी रंग सर्वांगावर सोडला, कीं तो खांचाखोंचांत जाऊन बसतो व सावली आपोआप पडते. शेवटीं ब्रशावरील रंग कागदावर जवळजवळ सारा पुसून तो कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवावा, म्हणजे चिलखताच्या कडा उजळतात.

देखाव्याचें काम मुलानेंच हातीं घेतलें. आळींतील मित्रांबरोबर दिवाळीचे किल्ले करून त्याचा हात तयार झाला होता. थर्मोकोलचा डोंगर, फेविकॉलवर चाळलेली वाळू, हिरवा रंगविलेला लांकडाचा भुसा हें सर्व त्याचें. मीं मात्र शहाणपणा करून डोंगरावर डब्यांतला फवाऱ्याचा रंग मारला. त्यांतील द्रवानें थर्मोकोल पाहतां पाहतां विरघळलें व डोंगरास मोठें भगदाड पडलें! आधीं फेविकॉलचा हात द्यावयास हवा होता. "राहूं द्या बाबा, गॉब्लिनांना गुहा झाली," असें म्हणून चिरंजीवांनीं माझी समजूत घातली.

तिसऱ्या तुकडीच्या वेळीं जें घडलें, त्यासाठींच हा लेख लिहीत आहें. मुलानें एका बुटक्याची दाढी रंगवितांना झग्याचा निळा रंग दाढीवर ओघळला. मीं कांहीं न बोलतां बाहुली त्याच्या हातांतून घेतली व दुरुस्त करूं लागलों. तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशीं आला नाहीं. तिसऱ्या दिवशींहि आला नाहीं. "तुम्हांला चांगलें येतें, तुम्हींच करा," एवढेंच तो म्हणाला.

त्या रात्रीं मी पेटीसमोर एकटाच बसलों. माझ्याहून सरस काम शेजारीं पाहून मीं स्वतः ब्रश ठेवून दिला होता. तेवीस वर्षें ज्याला मी आळस समजत होतों, तो आळस नव्हता. तो गर्व होता. उत्तम साधत नसेल तर कांहींच नको, असा तो गर्व! आणि आतां तोच मी मुलाच्या हातांत ठेवीत होतों. एवढ्यावरच विचार थांबला नाहीं. चित्रकलेच्या, निबंधाच्या किती वह्यांवर माझ्या लाल शाईनें हेंच केलें असेल, हें आठवूं लागलें. लूककृत शुभवर्तमानांत बुरूज बांधावयास घेऊन तो पुरा न करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आहे. त्या मनुष्यानें खर्चाचा हिशेब केला नव्हता. मीं तर दुसऱ्याच्या बुरुजाची उंची मोजण्यांतच आयुष्य घालविलें होतें.

सकाळीं मीं मुलाची क्षमा मागितली. बापानें मुलाची क्षमा मागणें आपल्याकडे फारसें रूढ नाहीं. परंतु तें कठीण असलें तरी अशक्य नाहीं, असें मी पालकांस अनुभवानें सांगूं शकतों. निळ्या दाढीचा बुटका जसा होता तसाच पहिल्या रांगेंत उभा राहिला. शाळा उघडण्यापूर्वीं उरलेल्या ४० पैकीं ३८ बाहुल्या पुऱ्या झाल्या. माझ्या वीरांचे डोळे अद्यापि नीट नाहींत. परंतु हातभर अंतरावरून पाहतां सैन्य चांगलें शोभतें.

छायाचित्र काढलें व जुन्या पत्त्यावर पत्रासह पाठविलें. दोन महिन्यांनीं उत्तर आलें. उशिराबद्दल अवाक्षर नव्हतें. वसतिगृहांतील त्या सायंकाळांची आठवण होती, आणि शेवटीं एक प्रश्न होता: तो निळ्या दाढीचा वीर कोणीं रंगविला?

त्याचें उत्तर मीं मुलासच लिहावयास सांगितलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याहि घरीं अशी एखादी पेटी असेल. ती खालीं काढा. हात बसण्याची वाट पाहूं नका. कारण हात काम करूनच बसतो.