स्क्रू नेमके कशासाठी?

बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ रोज सकाळी दूध आणावयास पायी जात असत. वर्षभरात ती वाट त्यांना जड होऊ लागली. शंभरएक पावलांत पोटऱ्या भरून येत, पायांना मुंग्या येत. कट्ट्यावर पाच मिनिटे पुढे वाकून बसले की पुन्हा चालता येई. सायकलवर मात्र काहीच त्रास नसे.

एमआरआयने या कोड्याचा उलगडा केला. कमरेच्या मणक्यांतील नलिका अरुंद झाली होती. वयोमानानुसार मणक्यांचे सांधे वाढतात, अस्थिबंध जाड होतात आणि मज्जातंतूंची वाट आखडते. पुढे वाकले की ती किंचित रुंदावते, ताठ उभे राहिले की आवळते. डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन १९५४ मध्येच केले होते.

औषधे व व्यायाम यांनी पुरेसा गुण आला नाही. मग दोन शल्यविशारदांचे दोन सल्ले मिळाले. एकाचे म्हणणे, दाब देणारे हाड व अस्थिबंध काढून नलिका मोकळी करावी, हे डीकम्प्रेशन. दुसऱ्याचे म्हणणे, त्याच वेळी स्क्रू व सळ्या बसवून मणके जोडूनही टाकावेत, हे फ्यूजन. मुलगा म्हणाला, "बाबा, करायचेच तर एकदाच भक्कम करून टाकू." खर्चाची त्याची तयारी होती. पत्नीने मात्र शांतपणे सुचविले, "अहो, ते स्क्रू नेमके कशासाठी, एवढे विचारून या."

प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा होता. मोठी शस्त्रक्रिया म्हणजे अधिक चांगली शस्त्रक्रिया, ही समजूत सर्वत्र रुजलेली आहे. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर फ्यूजन केलेल्यांची स्थिती केवळ डीकम्प्रेशन केलेल्यांपेक्षा सरस आढळली नाही. फ्यूजनमध्ये वेळ, रक्तस्राव आणि रुग्णालयातील मुक्काम मात्र वाढला. त्याच वर्षीच्या एका लहान अमेरिकी अभ्यासात, मणका सरकलेल्या रुग्णांना फ्यूजनचा थोडा अधिक लाभ दिसला. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेतील अभ्यासात, मणका सरकलेला असतानाही केवळ डीकम्प्रेशन कमी पडले नाही. मणक्यांच्या काट्यांमध्ये बसवावयाचे छोटे उपकरण हा तिसरा पर्याय. त्यात चिरफाड कमी, पण पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अधिक.

म्हणून स्क्रू निरुपयोगी ठरत नाहीत. मणके अस्थिर असतील, कणा बराच वाकडा झाला असेल, तर त्यांना कारण असते. ते कारण आपल्या बाबतीत आहे काय, हे रुग्णाने विचारलेच पाहिजे. मात्र पायातील शक्ती झपाट्याने जात असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटला असेल, तर विचारविनिमयास वेळ नसतो. तत्काळ रुग्णालय गाठावे.

गृहस्थांचे वाकून व ताठ उभे राहून एक्स-रे काढले गेले. मणके स्थिर होते. दुसऱ्या शल्यविशारदांनीही ते पाहून आपला आग्रह सोडला, आणि केवळ डीकम्प्रेशन झाले.

कमरेची जुनी ठसठस अजून आहे. ती राहू शकेल, हे त्यांना आधीच सांगितले होते. दूध मात्र पुन्हा तेच आणतात. कट्ट्यावर आताशा बसतात, ते गप्पांसाठी.