नोंदवहीतली आणि नोंदवहीबाहेरची माणसं

बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या पुण्यातल्या चर्चच्या कमिटीने सभासदांची नोंदवही माझ्या हाती दिली. "तुम्हाला खातेवह्यांची सवय आहे," एवढंच कारण. जाड पुठ्ठ्याची वही. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण, लग्न, कुठल्या मंडळीतून आले, वर्गणी आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ठरलेले शब्द: 'बदली', 'मयत', 'येत नाहीत'. या 'येत नाहीत' वाल्यांशीच माझा सगळ्यात जास्त संबंध आला. रविवारी ती माणसं दिसत नाहीत, पण मुलीचं लग्न ठरलं की दाखला मागायला हमखास येतात. आणि दाखला लिहून होईपर्यंत समोर बसून सांगतात, "आम्ही ख्रिस्ताला मानतो हो, पण हे चर्च, पंथ, कमिट्या, यांची काय गरज?"

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचं निम्मं उत्तर त्या वहीतच सापडतं.

'कुठल्या मंडळीतून' हा रकाना वाचत गेलं की महाराष्ट्राचा मिशनकाळातला नकाशा डोळ्यांपुढे येतो. नगर, वडाळा, सोलापूरकडचे लोक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे मूळचे काँग्रिगेशनल. मिरज-कोल्हापूरचे प्रेस्बिटेरियन. जालन्याचे स्कॉटिश मिशनचे. अकोला-अमरावतीकडचे अलायन्सवाले, बुलढाण्याचे नाझरीन, डहाणूकडचे ब्रदरन. परदेशातून आलेल्या मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते. दुसऱ्याच्या हद्दीत शक्यतो काम करायचं नाही, असा त्यांचा समझोता होता. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातले, म्हणून आम्ही काँग्रिगेशनल. ते मिरजेजवळ जन्मले असते तर आम्ही तितक्याच निष्ठेने प्रेस्बिटेरियन झालो असतो. या पंथांचा धर्मसुधारक काल्विन कोण आणि त्याने काय लिहिलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गावकुसाबाहेरच्या त्या माणसाला एवढं कळलं होतं की मिशनच्या शाळेत आपल्या पोराला इतर पोरांच्या शेजारी बसवतात आणि प्रार्थनेत आपलं नाव घेतात.

तो ख्रिस्ती झाला आणि गावकी तुटली, भावकीही तुटली. बाबा पदमनजींसारख्या शिकलेल्या, खात्यापित्या घरातल्या तरुणालाही १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेताना घरच्यांशी तुटावं लागलं होतं. मग आमच्यासारख्यांचं काय सांगावं? सोयरीक जमवायची ती मंडळीत, आजारपणात धावून यायचं ते मंडळीने, मयताला खांदा द्यायचा तोही मंडळीनेच. 'मला चर्चची गरज आहे का' हा प्रश्न पणजोबांना कधी पडला नाही. पोटाला भाकरी लागते का, असं कोणी विचारतं का?

पंथांच्या पाट्या मात्र तेव्हाही उसन्याच होत्या. मी प्राथमिक शाळेत असताना, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंघटना एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. अँग्लिकन, आमचे काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन ज्यात आधीच एक झाले होते ते संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बाळपणी बाप्तिस्मा की समजत्या वयात, या मुद्द्यावर युरोपात माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. इथे दोन्ही रीती मान्य करून लोक एका छपराखाली बसले. आमच्या चर्चवरची पाटी बदलली. बाकं तीच राहिली, ना. वा. टिळकांची गीतं तीच राहिली आणि पेटीवर बसणारे मास्तरही तेच राहिले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले. माझी मावशी मेथडिस्ट घरात दिलेली. तिला या घडामोडीचा अर्थ विचारला तर म्हणायची, "तुमचे साहेब आमच्या साहेबांशी बोलत नाहीत, एवढंच गं."

बँकेत वसईची एक कॅथलिक मैत्रीण होती. तिला आमची ही चर्च बदलण्याची, निवडण्याची भाषाच अजब वाटे. "आमच्याकडे घर ज्या पॅरिशमध्ये तेच आपलं देऊळ. निवडायचं काय त्यात?" तिचंही खरं होतं. पण तिची पॅरिशही पोर्तुगीज कुठपर्यंत पोचले त्यावर ठरलेली आणि माझा पंथ अमेरिकन पाद्री कुठपर्यंत पोचले त्यावर. भूगोलाने दिलेल्या नावाला देवाची आज्ञा समजायचं कारण नाही, या मतावर मी तेव्हाच आले आणि अजून तिथेच आहे.

पण पंथ गळून पडला म्हणजे चर्चही गळून पडतं का?

माझा एक मावसभाऊ तसं मानतो. आधी तो एका नव्या फेलोशिपमध्ये गेला. तिथे नदीत बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मग तिथल्या पास्टरशी पटेना, म्हणून दुसरीकडे. २०२० च्या टाळेबंदीत मोबाइलवर उपदेश ऐकायची सवय लागली ती सुटलीच नाही. आता तो म्हणतो, "मी कुणाचाच नाही. फक्त ख्रिस्ताचा." ऐकायला बरं वाटतं. पण करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने ज्या तटांबद्दल कान उपटले आहेत, त्यांत पौलाचे, अपुल्लोचे, केफाचे म्हणवणारे आहेत, तसे ख्रिस्ताचे म्हणवणारेही आहेत. 'फक्त ख्रिस्ताचा' हाही एक पंथ होऊ शकतो, सभासद एक.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो माझ्या टेबलासमोर आला. मुलाकडच्या पाळकांनी मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता. आपल्याकडे १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा अजून चालू आहे. लग्न कोण लावू शकतो, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. मोबाइलवरच्या उपदेशकाला तिथे जागा नाही. चर्च नकोच असेल तर विवाह निबंधक आहे, १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. पण मावसभावाला मुलीचं लग्न वेदीसमोरच हवं होतं. कब्रस्तानाचंही तसंच. शहरात जागा अपुरी, त्यामुळे चर्चच्या चिठ्ठीशिवाय तिथलं पान हलत नाही. दाखला मी लगेच दिला. वहीत त्या मुलीचं नाव होतं, बाप्तिस्म्याची तारीख होती, आमच्याच पाळकसाहेबांची सही होती. बाप येत नाही म्हणून मुलीला अडवायचं नसतं.

तरी दाखल्यासाठी आणि पुरण्यासाठी चर्च लागतं, हे काही खरं उत्तर नव्हे. ते काम उद्या सरकार करील. आणि चर्चमध्ये न जाण्याची कारणं मला परकी नाहीत. पूर्वी आम्ही ज्या चर्चला जायचो तिथे जमिनीवरून दोन गट पडले. धर्मादाय आयुक्तांकडे तारखा, फाटकाला दोन कुलुपं, नाताळच्या उपासनेला पोलीस. मी जाणं थांबवलं आणि रविवारी घरीच बसून स्तोत्र वाचू लागले. सुरुवातीला फार मोकळं वाटलं. कुणाची कुरबुर नाही, लांबलेल्या सूचना नाहीत, वर्गणीची आठवण नाही. पुढे ध्यानात आलं की मी वाचते ती स्तोत्रं माझ्या आवडीची आहेत, गाते ती गीतं माझ्या सोयीच्या पट्टीतली आहेत आणि प्रार्थनेत येणारी सगळी माणसं माझ्या घरातली आहेत. चर्चमध्ये पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं वाचतात. त्यात माझ्याशी धड न बोलणाऱ्या बाईचंही नाव असतं, आणि तिच्यासाठी मान खाली घालावी लागते. घरी तिचं नाव वाचणारं कुणी नव्हतं. शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगणारा धर्म शेजाऱ्याशिवाय पाळता येत नाही, हे मला तिथे कळलं.

मराठी ख्रिस्ती परंपरेतल्या दोन मोठ्या माणसांनी हा प्रश्न आपल्या आयुष्यावर घासून पाहिला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेतला, पण अँग्लिकन चर्चचा प्रत्येक शब्द प्रमाण मानायला त्या तयार नव्हत्या. तिथल्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की हे ठायी ठायी दिसतं. केडगावच्या मुक्ती मिशनवर त्यांनी कुठल्याही एका पंथाची मोहोर उमटू दिली नाही. तरी त्यांनी काय उभं केलं ते पाहा. उपासनेचं मंदिर, सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना, एका पंगतीत जेवणाऱ्या आणि एकमेकींची दुखणी काढणाऱ्या बायकांची मंडळी. पंथाचं बंधन नाकारणारी ही बाई एकटीने कधी ख्रिस्ती राहिली नाही.

नारायण वामन टिळक याच्याही पुढे गेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने दोन दशकांहून अधिक काळ अमेरिकन मिशनबरोबर काढून १९१७ मध्ये ती नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ उभा राहिला नाही. मला वाटतं, त्यात प्राण होता, पण वही नव्हती. वर्गणी गोळा करणारा, छप्पर शाकारणारा, कोण आलं नाही ते बघून घरी चक्कर मारणारा माणूस लागतो. आम्हा कमिटीवाल्यांची जी कामं कंटाळवाणी म्हणून हेटाळली जातात, त्यांच्यावरच मोठ्या माणसाची कल्पना त्याच्यामागे टिकते.

पण टिळकांचा तो दरबार मला वारंवार आठवतो, तो आमच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका बाईंमुळे. जालना जिल्ह्यातून आलेल्या, सोसायट्यांमध्ये साफसफाईचं काम करतात. रविवार सहसा चुकवत नाहीत. 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक न उघडता गातात. वहीत त्यांचं नाव नाही. मी एकदा लिहून घेऊ का म्हटलं, तर हात धरून म्हणाल्या, "नका लिहू, ताई. पोराचा दाखला हाय."

दाखला म्हणजे अनुसूचित जातीचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार या दाखल्याची सवलत मुख्यतः हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्यांना आजही नाही. जातीचे चटके मात्र धर्म विचारून बसत नाहीत. बाप्तिस्मा घेतला, वहीत नाव चढलं, की पोराच्या शिक्षणाची शिडी गेली. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला बाकं रिकामी होतात तेव्हा त्या जागेवरच बसून राहतात. नियमाने त्यांना भाकर देता येत नाही. पाळकसाहेब मात्र नंतर मागे चालत जातात आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. कमिटीत यावर एकाने तोंड उघडलं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "हात ठेवायला कमिटीचा ठराव लागत नाही."

नोंदवहीखेरीज माझ्याकडे आणखी एक साधी शंभर पानी वही आहे. महिला मंडळाची भेटीची वही. कुणाकडे आजारपण आहे, कुणाचा डबा करायचा, कुणाचा मुलगा दारूला लागलाय. या वहीत त्या बाईंचं नाव आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला तेव्हा डबे आळीपाळीने गेले. माझ्याशी धड न बोलणाऱ्या बाईंनीही दिला. या वहीत मावसभावाचं नाव नाही. घालायचं म्हटलं तरी तो काय म्हणेल ठाऊक आहे, "मला कुणी भेटायला यायची गरज नाही." खरं तर त्याचं पोट नेमकं तिथेच दुखतं. चर्च नको, यापेक्षा आपल्या घरात डोकावणारी माणसं नकोत, असं त्याचं आहे.

माझं मत आता पक्कं आहे. ख्रिस्ती माणसाला पंथ लागत नाही. ती इतिहासाने चिकटवलेली पाटी आहे. ठेवा, बदला, नागपुरात केली तशी एकत्र करा. मंडळी मात्र लागते. आपण न निवडलेली, आपल्याला जाब विचारणारी, आपण गेलो नाही तर 'का आल्या नाहीत' म्हणून दार वाजवणारी.

'येत नाहीत' वाल्यांना माझं सांगणं एवढंच. या चर्चचा वीट आला असेल तर खुशाल दुसरीकडे जा, पण कुठेतरी माणसांत जा. आणि माझ्यासारख्या वह्या सांभाळणाऱ्यांनो, नोंदवहीत ज्यांचं नाव लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वही ठेवा. ती नसेल तर आपल्यापाशी चर्चची इमारत आहे, चर्च नाही.